खाल्लं म्हणजे मारलं नव्हे : शिणाण्याच्या रक्तपेशींचं प्रात्यक्षिक, पायरीपायरीने

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एक वाक्य दरवर्षी येतं : "हिमोसाइटने यीस्टच्या पेशी मारल्या." (हिमोसाइट म्हणजे शिणाण्यासारख्या प्राण्याची रक्तपेशी.) खाली फोटो असतो. एका पसरट पेशीच्या पोटात तीन-चार गोल दाणे दिसत असतात. मी विचारतो, "हे मेलेत कशावरून?" उत्तर ठरलेलं, "सर, आत गेलेत ना!"

आत गेलेलं यीस्ट जिवंत असू शकतं. बाहेर मेलेलं दिसणारं यीस्ट तुमच्या चुकीच्या द्रावणाने मेलेलं असू शकतं. आणि काही वेळा ते बेकरीच्या पाकिटातूनच मेलेलं आलेलं असतं. खून झाला म्हणायचं तर आधी माणूस जिवंत होता हे दाखवावं लागतं, इथेही तसंच. ज्यांना शिणाण्यासारख्या, म्हणजे दोन कवचांच्या समुद्री शिंपल्यासारख्या, अपृष्ठवंशी प्राण्याच्या रक्तपेशी परक्या पेशीला खरोखर मारतात का हे बघायचंय, त्यांनी पुढचे टप्पे याच क्रमाने करावेत. समुद्र आपल्या मराठवाड्यापासून लांब आहे, त्यामुळे एकदा बिघडलं तर दुसरा माल यायला आठवडा जातो.

## आधी ठरवा : कसलं मारणं बघायचंय

या प्राण्यांकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत, टी-पेशी नाहीत. जर्नलमध्ये 'अँटिबॉडीने' असं लिहिलंत तर व्हायवात तिथेच अडकाल. त्यांच्या पेशींच्या मारण्याच्या ढोबळ तऱ्हा चार.

पहिली, गिळणं. परक्या पेशीवरच्या साखरी रेणूंना लेक्टिन नावाची प्रथिनं चिकटतात, रक्तपेशी खोटे पाय पसरून तिला आत घेते, आत झालेल्या पिशवीत लायसोसोमची पाचक द्रव्यं ओतते. बऱ्याच जातींत जोडीला सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा माराही असतो. दुसरी, न गिळता चिकटून मारणं : कणिकांमधली विषारी द्रव्यं समोरच्या पेशीवर सोडायची आणि तिच्या पटलाला भोकं पाडायची. समुद्री अर्चिनच्या (काटेरी गोल समुद्री प्राण्याच्या) देहद्रवात रंगहीन कणिकापेशी असतात. त्या सशाच्या लाल पेशी फोडतात आणि त्यांच्यासोबत भक्षकपेशी असल्या तर जास्तच फोडतात. तिसरी, घेरणं : शत्रू मोठा असेल तर अनेक पेशी त्याच्याभोवती थर लावतात. कोळंबी-खेकड्यांत फिनॉलऑक्सिडेज विकरामुळे त्या गाठीत काळं मेलॅनिन तयार होतं. चौथी, जाळं टाकणं : पेशी आपलाच डीएनए बाहेर फेकते आणि जंतू त्यात अडकतात.

काचपट्टी, साधा सूक्ष्मदर्शक आणि पेट्री प्लेट एवढ्या सामानात पहिली तऱ्हा नीट दाखवता येते. बाकीच्यांचा मोह टाळा. आणि शिणाण्यावर मिळालेला निष्कर्ष अर्चिनला चिकटवू नका. दोघांच्या पेशींची घडणच वेगळी.

## टप्पा १ : परवानगी, प्राणी, प्रवास

विभागप्रमुखांची लेखी परवानगी आधी घ्या. या कामात विच्छेदन नाही. थोडं रक्त काढून प्राणी परत टाकीत जातो, हे अर्जात स्पष्ट लिहा. समुद्री काकडी आणि नालखेकडा मागवायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

मी शिणाणे वापरतो. हिरवट कडेचे, रत्नागिरीकडे कालवं-तिसऱ्यांसोबत बाजारात मिळतात. ओळखीच्या माणसाला सांगून दीड-दोन डझन घ्या आणि त्याच जागचं समुद्राचं पाणी वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये. कोकण रेल्वेने ठाणं, तिथून देवगिरीने परभणी, हा माझा नेहमीचा रस्ता.

बांधणी अशी : समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट, त्यात शिणाणे, ते थर्मोकोलच्या डब्यात. बर्फ बाटलीत बंद करून, वर्तमानपत्रात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा.

*खबरदार :* सुटा बर्फ टाकू नका. तो वितळला की गोडं पाणी होतं, शिणाणे त्यात बसतात आणि मरतात. पाण्याने भरलेल्या पिशवीतही पाठवू नका, वाटेत प्राणवायू संपतो.

आल्यावर प्रत्येकाला बोटाने टिचकी मारा. उघडा असलेला मिटला तर जिवंत. मिटला नाही, वास आला, तर बाहेर. एक मेलेला टाकीत राहिला तर सकाळपर्यंत सगळं पाणी नासतं. एकमेकांना चिकटवणारे दोरे ओढून तोडू नका, आतल्या स्नायूला इजा होते, कात्रीने कापा. मग हवा सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात निदान एक दिवस, शक्यतो दोन, विश्रांती.

हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या खोलीत टाकी ठेवणं म्हणजे त्यांना उकडणं. मात्र परभणीचा हिवाळाही साधा नाही, पहाटे पारा एक आकडी होतो आणि हा प्राणी उबदार पाण्यातला. टाकी खिडकीपासून लांब ठेवा. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा हवा. लाइट कधी जाईल हे महावितरणलाही सांगता येत नाही.

*तपासा :* टाकीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. पाणी उडून पातळी उतरली तर भर डिस्टिल्ड पाण्याची घाला. समुद्राचं पाणी घातलंत तर मीठ वाढत जातं, कारण उडतं ते फक्त पाणी.

## टप्पा २ : पाणी, म्हणजे निम्मा प्रयोग

सगळ्यात जास्त प्रयोग इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून.

प्रयोगशाळेच्या कपाटात ०.९ टक्का सलाइनची बाटली असतेच. हात आपोआप तिकडे जातो. ते सलाइन आपल्या रक्ताच्या मापाचं आहे. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३.५ टक्के, आणि शिणाण्याचं रक्त जवळपास त्याच खारटपणाचं. त्याची पेशी ०.९ टक्क्यात टाकली की बाहेरचं पाणी आत घुसतं, पेशी फुगते, गोल होते, फुटते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी तयार सलाइन वापरलं आणि काचपट्टीवर सगळीकडे फुटलेल्या पेशींचा चिखल पाहून 'जोरदार पेशीनाश' असं वहीत लिहिलं, खाली दोन रेघाही मारल्या. दोन दिवसांनी लक्षात आलं की मारेकरी मीच.

तर : सोबत आणलेलं समुद्राचं पाणी आधी गाळणकागदातून आणि मग सिरिंजला लावायच्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. उकळू नका, क्षार साका होऊन खाली बसतात आणि पाणी घट्ट होतं. पाणी संपलं तर मत्स्यालयाच्या दुकानातलं समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात. आपलं बोअरचं पाणी कशालाच नको, काचपट्टी विसळायलासुद्धा नको. त्यातला चुना काचेवर पांढरे ठिपके सोडतो आणि पोरं ते कणिका म्हणून मोजतात.

यापुढे मी 'गाळलेलं पाणी' म्हणेन ते हेच. रंगद्रव्य, यीस्ट, धुणं, सगळं यातच. अपवाद एकच, तो टप्पा ७ मध्ये येईल.

गोदावरीतला गोड्या पाण्यातला शिंपला घेऊन हाच प्रयोग करणाऱ्यांसाठी एवढंच : त्याचं रक्त आपल्यापेक्षा कितीतरी पातळ असतं. त्याला समुद्राचं पाणी तर नाहीच, ०.९ टक्का सलाइनही जास्त होतं.

## टप्पा ३ : यीस्ट जिवंत हवं

बेकरीवाल्याकडून यीस्ट आणा. बेकिंग पावडर नव्हे! हसू नका, दोनदा आलेली आहे.

१. चिमूटभर कोरडं यीस्ट १० मिली कोमट साखरपाण्यात अर्धा तास. फेस आला पाहिजे.
२. सेंट्रीफ्यूजमध्ये खाली बसवा, वरचं ओता, गाळलेल्या पाण्यात ढवळा. असं तीनदा. साखर राहिली तर यीस्ट नळीतच वाढायला लागतं.
३. मोजणीच्या काचेवर (हिमोसायटोमीटरवर) मोजून दोन साठे करा : एक मिलीला १ कोटी (काचपट्टीसाठी), दुसरा मिलीला १० लाख (नळीसाठी).

*तपासा :* एक थेंब यीस्ट, एक थेंब ०.०२ टक्का मिथिलीन ब्लू. जिवंत पेशी हा रंग आत आला तरी त्याला रंगहीन करते, मेलेली निळीच राहते. पाच मिनिटांत २०० पेशी मोजा. शंभरात पाचापेक्षा जास्त निळ्या असतील तर ते पाकीट पावाला द्या, प्रयोगाला नको.

कोंबडीच्या दुकानातून रक्त आणून लाल पेशींवर प्रयोग करायची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. समुद्राच्या पाण्यात त्या पेशी पाणी गमावून आक्रसतात, परत सौम्य द्रावणात आणल्या की फुटतात, आणि तुम्ही म्हणता हिमोसाइटने फोडल्या. यीस्टला जाड भिंत आहे, तेवढा खारटपणा काही तास सहज सोसतं. म्हणून यीस्टच.

## टप्पा ४ : रक्त काढणं

सामान : २ मिलीची सिरिंज, निळ्या बुडाची २३ नंबरची सुई, बर्फात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, टिश्यूपेपर, पिपेटच्या टिपचा तुटका तुकडा.

१. शिणाणं टाकीतून काढा, कवचाच्या फटीत टिपचा तुकडा सरकवून दोन-तीन मिलिमीटर उघडं ठेवा. जोर केलात तर कवच तडकतं.
२. उलटं धरून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या, फट टिश्यूने टिपा. हे पाणी म्हणजे रक्त नव्हे. जवळपास निम्म्या मुलांच्या नळीत पहिल्या दिवशी हेच असतं.
३. कवचाचं टोकदार टोक बिजागरीकडे. त्याच्या उलट, रुंद गोल बाजूला, कवच मिटणारा मागचा जाड स्नायू आहे. सुई त्यात घाला. किंचित रबरासारखा अडथळा लागतो.
४. दट्ट्या अगदी सावकाश ओढा. अर्धा मिली पुरे. फेस आला तर सुई हवेत आहे.
५. सुई काढून मग रक्त नळीत सोडा. सुईतून जोरात दाबलंत तर पेशी चिरडतात.
६. नळी लगेच बर्फात.

शिणाण्याचं रक्त आपल्यासारखं गोठत नाही, पण पेशी पटकन एकमेकींना धरून गुठळ्या करतात. गारवा आणि वेग हेच त्यावरचं औषध. ईडीटीए घालायचा सल्ला अनेक जण देतील. नुसती मोजणी करायची असेल तर ठीक, पण ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि चिकटणं, ओळखणं, गिळणं या सगळ्याला कॅल्शियम लागतं. हात बांधून कुस्तीला उतरवल्यासारखं होतं ते.

*तपासा :* प्रत्येक प्राण्याच्या रक्ताचा एक थेंब वेगळा बघा. केसाळ एकपेशी जीव किंवा शैवालाचे तुकडे दिसले तर ते कवचातलं पाणी. हजारो बारीक ठिपके शेपटी हलवत पळत असतील तर नर होता आणि सुई जननग्रंथीत गेली. नळी फेका. चारपाच प्राण्यांचं रक्त एकत्र करायचं असेल तर या तपासणीनंतरच करा. एका नळीतली घाण पाचही नासवते.

## टप्पा ५ : पेशी मोजा आणि जिवंत आहेत का बघा

ट्रायपॅन ब्लू गाळलेल्या पाण्यात विरघळवून ०.४ टक्का करा. बाजारातली तयार बाटली सौम्य द्रावणात असते, तिच्याने टप्पा २ ची चूक मागच्या दाराने परत येते. समभाग रक्त आणि रंग मिसळून पाच मिनिटांच्या आत मोजा. मेलेल्या पेशी निळ्या.

मोजणीच्या काचेवर चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांची सरासरी ५० आली, तर ५० × २ × १०,००० म्हणजे मिलीला १० लाख. जास्त असतील तर गाळलेल्या पाण्याने तेवढ्यावर आणा. कमी असतील तर सेंट्रीफ्यूजने घट्ट करू नका, पेशी चिकटून गोळा होतात. दुसरा प्राणी घ्या.

शंभरात ९० पेक्षा कमी जिवंत असतील तर पुढे जाऊ नका. अर्धमेल्या पेशींची पाचक द्रव्यं आपोआप बाहेर गळतात आणि तेही 'मारणं' म्हणून मोजलं जातं.

## टप्पा ६ : काचपट्टीवर खाणं

काचपट्टी स्पिरिटने पुसून वाळवलेली असावी. साबणाचा अंश नको. पेट्री डिशमध्ये ओला गाळणकागद, त्यावर दोन काडेपेटीच्या काड्या, त्यावर काचपट्टी : झाली दमट पेटी.

रक्ताचा ५० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा, २० ते ३० मिनिटं थांबा. आता बघण्यासारखं असतं. सुरुवातीला पेशी मण्यासारख्या गोल असतात. मग कडेने काचेसारखा पातळ पडदा सरकायला लागतो, त्यातून काटे निघतात, आणि शेवटी तव्यावर अंडं फोडल्यासारखी पेशी पसरते : मध्ये जाडसर, कडेला पारदर्शक. काहींत दाणे खच्चून भरलेले, काही जवळजवळ स्वच्छ. दाणेदार पेशी जास्त खादाड असतात. कडेची हालचाल बघायला सूक्ष्मदर्शकाचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) बराच मिटवा. लख्ख उजेडात हा पडदा दिसतच नाही.

थेंब कलता करून निथळवा, गाळलेल्या पाण्याने कडेकडून हलकेच धुवा. ५० मायक्रोलिटर यीस्ट (मिलीला १ कोटीचं) घाला. एक पट्टी १५ मिनिटांनी, दुसरी ३० ला, तिसरी ६० ला काढा, तीनदा धुवा, बघा.

वर चिकटलेलं आणि आत गेलेलं वेगळं करणं हे खरं कौशल्य. बारीक स्क्रू हळू फिरवा. यीस्ट पेशीच्या दाण्यांसोबत एकाच पातळीवर स्पष्ट होत असेल आणि भोवती फिकट वलय असेल तर आत. पेशी धूसर झाल्यावर यीस्ट स्पष्ट होत असेल तर वर बसलंय. शंका आली की 'वर' धरा.

२०० हिमोसाइट मोजा. निदान एक यीस्ट आत असलेल्या किती, त्याची टक्केवारी म्हणजे भक्षणाची टक्केवारी. इथपर्यंत तुम्ही खाणं मोजलंत. 'मारलं' हा शब्द अजून वहीत यायचा नाही.

## टप्पा ७ : नळीत मारणं

पाच नळ्या, प्रत्येकी एकूण १ मिली :

क – ०.९ मिली गाळलेलं पाणी + ०.१ मिली यीस्ट (मिलीला १० लाखाचं)
ख – ०.९ मिली पेशी काढून टाकलेलं रक्त + तेवढंच यीस्ट
ग – ०.९ मिली पेशींसह रक्त + तेवढंच यीस्ट
घ – 'ग'सारखीच, पण पूर्ण वेळ बर्फात
ङ – नुसतं रक्त आणि ०.१ मिली गाळलेलं पाणी

'ख'साठी रक्त सेंट्रीफ्यूज करून वरचं पाणी घ्या, पेशी उरली नाही ना हे बघा. 'ङ' कशाला, असं विचारतात : शिणाण्याने स्वतःसोबत आणलेले बुरशी-जंतू किती उगवतात हे कळायला.

घ सोडून बाकी खोलीच्या तापमानाला दोन तास, दर दहा मिनिटांनी हलकेच उलटसुलट. जोरात हलवायचं नाही.

सुरुवातीला एकदा आणि दोन तासांनी एकदा, प्रत्येक नळीतून ०.१ मिली घेऊन ९.९ मिली डिस्टिल्ड पाण्यात. हाच तो अपवाद. इथे आपल्याला हिमोसाइट फोडायचीच आहे. यीस्ट भिंतीमुळे टिकतं आणि पोटातून मोकळं होतं. दहा मिनिटं थांबा, व्होर्टेक्सवर चांगलं घुसळा, आणि त्यातलं ०.१ मिली पीडीए (बटाट्याच्या अर्काचं खाद्य) प्लेटवर पसरा, जिवाणू उगवू नयेत म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घातलेलं असावं. प्रत्येकी तीन प्लेटी. २८ ते ३० अंशांना दोन दिवस.

हिशेब जुळतो का बघा : नळीत मिलीला १ लाख यीस्ट, शंभरपट पातळ केल्यावर १,०००, आणि ०.१ मिलीत सुमारे १०० वसाहती (एकेका जिवंत यीस्टपासून वाढलेले ठिपके). सुरुवातीच्या 'क' प्लेटवर ३० किंवा ४०० आल्या तर चूक पातळ करण्यात आहे, पुढचं काही वाचू नका.

*खबरदार, इथे सगळे फसतात :* रक्तातले लेक्टिन यीस्टच्या गुठळ्या करतात. दहा यीस्टची एक गुठळी प्लेटवर एकच वसाहत देते. वसाहती कमी झाल्या, पण मेलं कुणीच नाही! म्हणून नळीतला एक थेंब डिस्टिल्ड पाण्याच्या नऊ थेंबांत घालून, तितकंच घुसळून, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अखंड हिमोसाइट दिसता कामा नये आणि यीस्ट सुटं दिसलं पाहिजे. गुठळ्या असतील तर आणखी घुसळा.

## टप्पा ८ : आकडा आणि शब्द

तुलना 'ख' आणि 'ग'ची, दोन्ही दोन तासांनंतरच्या. समजा 'ख'वर सरासरी ९६ वसाहती, 'ग'वर ७२ : (९६ − ७२) ÷ ९६ × १०० = २५ टक्के. तेवढं मारणं पेशींच्या नावावर. 'ङ'वर काही उगवलं असेल तर ते 'ख', 'ग' आणि 'घ' मधून आधी वजा.

'ख'च 'क'पेक्षा बरीच कमी असेल तर मारणारं द्रव्य रक्तद्रवात आहे, किंवा गुठळ्या राहिल्यात. 'घ' आणि 'ग' सारख्याच आल्या तर संशय घ्या : गारठलेल्या पेशींचं गिळणं मंदावायला हवं. न मंदावता यीस्ट घटत असेल तर फुटक्या पेशींतून गळलेलं द्रव्य काम करतंय, टप्पा ५ कडे परत.

आणि फरक आलाच नाही तर? तसं लिहा. यीस्टची भिंत जाड असते, ते चटकन गिळलं जातं पण सावकाश मरतं. चार तासांची आणखी एक जोडी लावून बघा. आकडा सुंदर करायला एखादी प्लेट 'खराब झाली' म्हणून वगळण्याची खोड आपल्याकडे आहे. तिसऱ्या प्लेटीचा आकडा नसला की परीक्षक तोच विचारतो.

## प्रयोगानंतर

प्लेटी आणि नळ्या ऑटोक्लेव्ह करा, नाहीतर रात्रभर ब्लीचमध्ये बुडवून मग टाका. सुया वेगळ्या कडक डब्यात.

रक्त काढलेले शिणाणे टाकीत परत ठेवा, आठवडाभर पुन्हा टोचू नका. त्यांना गोदावरीत किंवा नाथसागरात 'सोडून' यायचं पुण्य कुणी करू नये. गोड्या पाण्यात ते मरतील. आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी हळूच विचारतंच, "सर, आता हे शिजवायचे का?" नाही. परीक्षानळ्या-रंगांच्या टेबलावरून आलेलं काहीही ताटात जात नाही. खायचे असतील तर रत्नागिरीच्या माणसाला पुढच्या खेपेला एक डझन जास्तीचे सांगा आणि वेगळ्या डब्यात, वेगळी चिठ्ठी लावून मागवा.